साक्षीला देव नसला तर

आमच्या दिंडोरीच्या वाड्यांतील माडीवरची खोली गेलीं चार वर्षें एका शिक्षकांना भाड्यानें दिलेली आहे. गृहस्थ तिशीच्या आंतबाहेरचे. विज्ञान शिकवितात, एकटेच राहतात. जन्मानें मराठी ख्रिस्ती. घराणें नाशिकच्या शरणपूरचें. पणजोबा तेथें उपदेशक होते. खोली देण्यापूर्वीं आमच्या एकत्र कुटुंबांत थोडी कुजबुज झाली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु आमच्या आत्याबाईंनीं, ज्यांचा शब्द या घरांत शेवटचा असतो, निकाल देऊन टाकला : "माणूस देवाला भिणारा आहे ना? मग तो कोणत्या कां देवाला भिईना!" इतकेंच नव्हे, तर आम्ही सारीं लग्नकार्याला किंवा वणीच्या गडावर देवीच्या दर्शनाला गेलों म्हणजे वाड्याची किल्ली मास्तरांपाशीं राहूं लागली.

गेल्या नाताळाच्या आदल्या नाताळांतली गोष्ट. शाळेला सुट्टी असून मास्तर खोलींतच दिसले, तेव्हां आत्याबाईंनीं सहज चौकशी केली. मास्तर म्हणाले, "आत्याबाई, आईला भेटायला उद्यां जाईन. पण उपासनेला मी बसत नाहीं. देव आहे असें मला आतां वाटत नाहीं. त्याला आठ वर्षें होऊन गेलीं."

आत्याबाई तशाच पडवींत आमच्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "ख्रिस्ती होता तोंवर माझी हरकत नव्हती," त्या म्हणाल्या. "त्याला जाब विचारणारा कोणी तरी वर होता. आतां ह्याला अडविणार कोण? आणि वाड्याची किल्ली ह्याच्यापाशीं!"

वाचकहो, या प्रश्नाला हंसूं नये. आत्याबाईंनीं सोप्या शब्दांत जें विचारलें, तेंच मोठमोठ्या विद्वानांनीं अवघड शब्दांत विचारलेलें आहे. शिवाय हा प्रश्न एका ख्रिस्ती तरुणापुरता नाहीं. ज्या घरांत मुंज झालेला मुलगा संध्येला बसत नाहीं, किंवा शिकून आलेली मुलगी "मला हें पटत नाहीं" असें शांतपणें सांगते, त्या घरांतील वडील माणसांच्या मनांत हीच धास्ती असते. देव सुटला म्हणजे त्यामागोमाग नीतिही सुटेल काय?

प्रथम आमच्याच परंपरेकडे पाहूं. मनूनें नास्तिक म्हटलें तें वेदांची निंदा करणाऱ्याला; ईश्वर न मानणाऱ्याला नव्हे. कपिलाच्या सांख्यशास्त्रांत सृष्टिकर्त्या ईश्वरावांचून जगाची उपपत्ति लाविली आहे. मीमांसकांइतके कर्मठ दुसरे कोणी नसतील. परंतु जगाचा कर्ता असा ईश्वर त्यांनींही मानिला नाहीं. जैन आणि बौद्ध यांचीं आचारव्रतें किती कडक आहेत तें सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यांपैकीं कोणाच्याही मुळाशीं जग निर्माण करणारा परमेश्वर नाहीं. तेव्हां ईश्वरावांचून सदाचार ही कल्पना विलायतेहून आलेली नाहीं. ती आपल्या घरांतील जुन्याच पेटींत आहे; आपण पेटी उघडीत नाहीं, इतकेंच.

मात्र आमच्यांत आणि मास्तरांच्या समाजांत एक मोठा भेद आहे, आणि तो त्यांनींच आमच्या ध्यानीं आणून दिला. आमच्याकडे श्रद्धा गेली तरी पंगत जात नाहीं. मनांत कांहीं नसलें तरी सोवळें नेसून पाटावर बसतां येतें, आरतीला टाळी वाजवितां येते आणि कोणी कांहीं विचारीत नाहीं. ख्रिस्ती मंडळींत श्रद्धा हीच घराचा उंबरठा आहे. ती गेली असें प्रामाणिकपणें सांगितलें, कीं रविवारची बैठक, लहानपणापासून ओळखीचीं गीतें आणि ज्यांच्या मांडीवर खेळलों तीं माणसें, हें सारें एकदम परकें होतें. वडील वारले तेव्हां मास्तर मंदिरांत शेवटच्या बांकावर बसले. सर्वांबरोबर गीतें गायिले. पुढें एका रविवारीं आईच्या सोबतीला गेले असतां प्रभुभोजनाची वेळ आली, तेव्हां मात्र उठले नाहींत. जागेवरच बसून राहिले. "गाणें खोटें वाटलें नाहीं," ते म्हणाले, "पण तें भोजन घेतलें असतें तर मी खोटा ठरलों असतों." त्यांच्या मातोश्रींनीं त्या दिवशीं घरीं चूल पेटविली नाहीं.

हें ऐकून आम्हांला आमच्या जिल्ह्यांतीलच एका घराची आठवण झाली. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्या आघातानें त्यांच्या संसाराचे जे हाल झाले ते त्यांनीं पुढें 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत सांगितले आहेत. कांहीं वर्षें पतीपासून दूर राहून अखेर १९०० मध्यें त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या काळच्या नाशिककर ब्राह्मणांना वाटे, कीं ज्यानें कुलधर्म सोडला त्याच्यापाशीं नीति ती कसली उरणार! परंतु टिळक नवरा-बायकोंच्या हातून पुढें जी अनाथांची आणि आजाऱ्यांची सेवा झाली, तिनें त्या समजुतीला उत्तर दिलें. आणि पुढचेंही पहा : १९१७ मध्यें याच टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. ख्रिस्तावरची त्यांची भक्ति तिळभरही उणी झाली नव्हती. परंतु ती संस्थेच्या चौकटींत मावेनाशी झाली होती.

ज्या १८९५ सालीं टिळकांनीं धर्म बदलला त्याच सालच्या जूनमध्यें पुण्यास गोपाळ गणेश आगरकर वारले. त्यांनीं तर एक देव सोडून दुसरा धरला नाहीं. बुद्धीला जें पटेल तेवढ्यावरच ते उभे राहिले. लोकांनीं ते जिवंत असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या कट्टर विरोधकांनींही त्यांच्या सचोटीबद्दल कधीं शंका घेतली नाहीं.

ख्रिस्ती धर्म सोडून उघडपणें निरीश्वरवादी झालेल्या आणि महाराष्ट्राशीं संबंध आलेल्या पुरुषांत चार्ल्स ब्रॅडलॉ यांचें नांव मोठें आहे. जन्म १८३३, लंडन. लहानपणीं ते रविवारच्या धर्मशाळेंत मुलांना शिकवीत. चार शुभवर्तमानांचा आणि आपल्या पंथाच्या एकूणचाळीस कलमांचा मेळ घालतांना त्यांना अडचण पडली, म्हणून त्यांनीं धर्मोपदेशकाला पत्र लिहून मदत मागितली. उपदेशकानें उत्तर न देतां बापाकडे तक्रार केली, कीं मुलगा नास्तिक झाला! सोळाव्या वर्षाच्या सुमारास ब्रॅडलॉंना घर सोडावें लागलें. शंकेचें उत्तर मिळालें असतें तर ते नास्तिक झाले नसते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आधीं घराबाहेर काढून मग तो घराचा राहिला नाहीं म्हणून रडणें, ही चूक सर्वच धर्मांतील वडील माणसें करीत आलीं आहेत.

पुढें १८८० मध्यें नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनीं त्यांना पार्लमेंटांत निवडून दिलें. त्यांनीं ईश्वराच्या शपथेऐवजीं साधी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मग शपथ घेतों म्हणाले, तर उत्तर मिळालें, कीं देव न मानणाऱ्याच्या शपथेला किंमत काय? आमच्या आत्याबाईंचाच हा प्रश्न. फक्त तो पार्लमेंटांत विचारला गेला. सभागृहानें त्यांना बसूं दिलें नाहीं, मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, आणि सहा वर्षांनीं, १८८६ मध्यें, त्यांना आपली जागा मिळाली. १८८८ मध्यें त्यांच्याच खटपटीनें शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची मोकळीक सर्वांना देणारा कायदा झाला. हिंदुस्थानच्या प्रश्नांकडे ते इतकें लक्ष देत, कीं तिकडे त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणत. १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस काँग्रेसची पांचवी बैठक भरली तेव्हां ते जातीनें आले होते. १८९१ च्या जानेवारींत ते वारले. त्यांच्या दफनाच्या वेळीं कायद्याचा अभ्यास करणारा एक हिंदी तरुण हजर होता. त्याचें नांव मोहनदास गांधी.

ब्रॅडलॉंच्या सहकारी ॲनी बेझंट या तर पाद्र्याच्या पत्नी. श्रद्धा गेली, संसार मोडला, आणि १८७८ मध्यें न्यायालयानें त्यांच्या लहान मुलीला त्यांच्यापासून काढून घेतलें. त्यांचीं मतें हें त्यामागचें एक कारण होतें. मुलें मोठीं झाल्यावर आपण होऊन आईकडे परत आलीं. त्या स्वतः १८८९ मध्यें निरीश्वरवाद सोडून थिऑसफीकडे वळल्या, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. मनाचा प्रवास एकाच दिशेनें होतो असें नाहीं. परंतु प्रवासाच्या कोणत्याही मुक्कामावर त्या बाईंचा लोकसेवेचा उत्साह कमी झाला नव्हता.

आज आपल्या देशांत कायद्यानें हा प्रश्न बराच सोडविला आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचींत मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला दोन वाटा ठेविल्या आहेत : ईश्वरसाक्ष शपथ, नाहीं तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. १९६९ च्या शपथ कायद्यानें साक्षीदारालाही तीच सवलत दिली आहे. नाशिकच्या एका शाळेंतील शिक्षकांनीं प्रार्थनेच्या वेळीं हात जोडण्याचें नाकारलें, तेव्हां २०१३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें, कीं अशी सक्ति करतां येणार नाहीं. त्याच न्यायालयापुढें दुसऱ्या वर्षीं एक विलक्षण प्रकरण आलें. अर्जदार एका ख्रिस्ती पंथांतले होते. येशूला मानतों, पण कोणताही धर्म मानीत नाहीं, तेव्हां राजपत्रांत आमची नोंद 'धर्म नाहीं' अशी करा, ही त्यांची मागणी सरकारी छापखान्यानें फेटाळली होती. २३ सप्टेंबर २०१४ रोजीं न्यायमूर्ति अभय ओक आणि न्यायमूर्ति अतुल चांदूरकर यांनीं निर्णय दिला, कीं सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यांत कोणताही धर्म न मानण्याचें स्वातंत्र्यही येतें, आणि धर्म सांगण्याची सक्ति सरकार कोणावरही करूं शकत नाहीं.

ही सारी माहिती जमवून आत्याबाईंना सांगावी असा आमचा बेत होता. पण त्यांचें उत्तर आमच्या पुस्तकांत निघालें नाहीं. तें आमच्याच शेताच्या बांधावर निघालें, आणि तें सांगतांना आम्हांला मान खालीं घालावी लागत आहे.

आमच्या द्राक्षबागेला लागून एका कोकणा कुटुंबाचें लहानसें शेत आहे. नवरा-बायको दोघेंही दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला जातात आणि उरल्या वेळांत आपली जमीन कसतात. त्यांनीं फिर्याद केली, कीं हद्दीचा दगड आमच्या लोकांनीं आंत सरकविला. आमचे धाकटे बंधु बाग पाहतात. त्यांनीं घरांत सांगितलें, कीं दगड वडिलांच्या वेळेपासून तेथेंच आहे. आम्हांला शंका आली होती. ट्रॅक्टरचीं ताजीं चाकें आम्हींही पाहिलीं होतीं. पण आम्हीं विचारलें नाहीं. घरांत भांडण नको, ही सबब एकत्र कुटुंबांत नेहमींच तयार असते.

गेल्या वैशाखांत साक्षी झाल्या. आमचे बंधु रोज तासभर पूजा करणारे. त्यांनीं ईश्वराला साक्षी ठेवून तेंच सांगितलें जें घरांत सांगितलें होतें. नंतर फिर्यादीच्या बाजूनें मास्तरांना बोलाविलें. सकाळीं फिरावयास जातांना त्यांनीं दगड ओढला जात असतांना पाहिला होता. त्यांनीं शपथ न घेतां प्रतिज्ञा केली आणि पाहिलें तेवढेंच सांगितलें. त्यांत एक शब्द अधिक नव्हता, एक उणा नव्हता. आमच्या वकिलांनीं उलट विचारलें, "आपण देव मानतां काय?"

"नाहीं."

"मग खोटें बोललांत तर आपल्याला भीति कोणाची?"

मास्तर म्हणाले, "ज्यांचें शेत आहे ते समोर बसले आहेत."

आम्ही त्या खोलींत मागच्या बांकावर होतों. तें वाक्य ऐकल्यावर आमच्या मनांतला सगळा वाद संपला. नीतीला साक्षीदार लागतो, हें आत्याबाईंचें म्हणणें खरेंच आहे. एकटा माणूस स्वतःला फसविण्यांत फार पटाईत असतो. परंतु तो साक्षीदार आभाळांतच असला पाहिजे असें नाहीं. ज्याचें आपल्या वागण्यानें बरें किंवा वाईट होणार तो समोरचा माणूस पुरेसा साक्षीदार आहे, जर आपण त्याच्याकडे पाहण्याचें धैर्य केलें तर. आमच्या बंधूंनीं देवाकडे पाहिलें आणि शेजाऱ्याकडे पाहिलें नाहीं. आम्हीं तर दोघांकडेही पाहिलें नाहीं.

आमच्या तालुक्यांतच याचें दुसरें उदाहरण आहे. वाघाड धरणाचें पाणी वरच्या शेतांना मिळे. कालव्याच्या शेपटाकडे ओझरच्या शिवारांत तें पुरेसें पोंचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानें १९९१ मध्यें तेथें पाणी वापर संस्था निघाल्या, पाणी मोजून घेण्याची आणि पाळीनें वांटण्याची रीत पडली, आणि पुढें साऱ्या प्रकल्पावर अशा चोवीस संस्था उभ्या राहिल्या. त्या शेतकऱ्यांत स्वामी समर्थांचे सेवेकरी असतील, वारकरी असतील, कांहींच न मानणारेही असतील. पाण्याच्या पाळीला तें कोणी विचारीत नाहीं. वरच्यानें खालच्याचें पाणी घेऊं नये, एवढें ठरलेलें असतें, आणि मोजमाप सर्वांसमोर असतें.

एवढ्यावरून श्रद्धा व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढूं नये. अनेकांना ती सन्मार्गावर आधार देते, आणि दुःखांत तर फारच देते. मास्तरही हें मान्य करतात. वडिलांच्या मृत्यूनंतर आईला जो दिलासा प्रार्थनेंत मिळाला तो आपल्याला मिळाला नाहीं, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें आहे. आणि देव सोडला एवढ्यानें माणूस थोर होत नाहीं. सोडणाऱ्यानें मागें राहिलेल्यांची टवाळी केली तर तो होता त्याहून लहान होतो. आमचें म्हणणें एवढेंच, कीं श्रद्धा ही सचोटीला बळ देईल, पण सचोटीची जागा ती घेऊं शकत नाहीं. ज्या घरांतला मुलगा उद्यां "मी मानीत नाहीं" म्हणेल, तेथल्या वडिलांनीं त्याला अडविणार कोण हें विचारण्याआधीं, मानणाऱ्या आपल्याला आजवर कशानें अडविलें आणि कोठें अडविलें नाहीं, याचा हिशोब मांडावा.

दगड मूळ जागीं गेला. मोजणींत दीड गुंठ्याचा फरक निघाला. बंधु बरेच दिवस कोणाशीं बोलले नाहींत. मग एके दिवशीं शेजाऱ्यांकडे स्वतः गेले, आणि काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशीं मास्तर किल्ली घेऊन खालीं आले. "माझें येथें राहणें आतां तुम्हांला जड जाईल. महिनाअखेर खोली सोडतों," असें म्हणून त्यांनीं किल्ली आत्याबाईंपुढें ठेविली. आत्याबाई जपाची माळ ओढीत होत्या. माळ पुरी होईपर्यंत त्या बोलल्या नाहींत. मग किल्ली त्यांच्याकडे सारून म्हणाल्या, "ही तुमच्यापाशींच असूं द्या, मास्तर."

पुढें आत्याबाई आम्हांला म्हणाल्या, कीं त्या दिवशीं देवानेंच मास्तरांना तेथें पाठविलें. हें मास्तरांच्या कानावर गेलें तेव्हां ते हंसले; त्यांनीं वाद घातला नाहीं. येत्या नाताळांत त्यांच्या मातोश्री चार दिवस आमच्याकडे राहावयास येणार आहेत. त्या मुलासाठीं अजून रोज प्रार्थना करतात. त्यांना पुरणपोळी चालते कीं नाहीं, हें आत्याबाईंनीं आतांपासून दोनदां विचारून ठेविलें आहे.